गोमुखला ग्लेशियर बघायला गेलो आणि दिसला दगडमातीचा ढीग, हे असंच असतं का?

मुक्ता_घोडबंदर (रविवार, रात्री ११:२०)

प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतेच. मे महिन्यात आम्ही ठाण्याहून गंगोत्रीला गेलेलो, सासूबाई, नवरा, मी आणि सहावीतली लेक. सासूबाई गंगोत्रीलाच थांबल्या आणि आम्ही तिघं परमिट काढून पुढे गोमुखला (दिवसाला १५० च लोकांना सोडतात, त्यावरून टूरवाल्याने "होऊन जाईल मॅडम" म्हणत ऐनवेळी हात वर केले, ते रामायण वेगळं, इथे नको). पहिल्या दिवशी १४ किमी चालून भोजबासा, दुसऱ्या दिवशी पहाटे आणखी चारेक किमी. डोक्यात चित्र काय, तर कॅलेंडरवर असतो तसा पांढराशुभ्र बर्फ. आणि समोर काय, तर पावसाळ्यात मुंब्रा बायपासला दरड येते ना ते दृश्य, फक्त नजर जाईल तिथपर्यंत. राखाडी दगड, माती, मधेच खोलीएवढे धोंडे, आणि ह्या सगळ्याच्या तोंडाशी एक मळकट निळसर भिंत जिच्यातून भागीरथी उसळत बाहेर येते. लेक म्हणाली "आई, हे तर डंपिंग ग्राउंड आहे". गाईडने सांगितलं की बर्फ ह्या दगडांच्या खाली आहे, बस, पुढे काही नाही.

आता शाळा सुरू झाली आणि तिला ह्यावरच प्रोजेक्ट करायचंय, तर बर्फावर एवढे दगड येतात कुठून, आणि बाजूला डोंगराला धरून एक लांबच लांब बांध दिसतो, अगदी रेल्वेचा भराव टाकल्यासारखा, वरची कड सरळ, तो कोणी घातला? फोटो टाकलाय. शिवाय येताना सुखी टॉप उतरल्यावर हर्षिलच्या आसपास दरी एकदम ऐसपैस होते आणि खाली उत्तरकाशीकडे पुन्हा अरुंद, त्याचा ह्याच्याशी काही संबंध आहे का? सोप्या शब्दांत सांगा, नेटवर वाचलं तर नुसते शब्दच शब्द.

पारसिकचा_पक्या (रात्री ११:३४)

टूरवाल्याकडे पैसे परत मागा, डबर बघायला एवढ्या लांब कशाला, आमच्या पारसिकला या फुकटात दाखवतो 😄

जोक्स अपार्ट, आमच्या डोंगरावर पण असे गोल गोल धोंडे आहेत मातीत रुतलेले. ते पण ग्लेशियरचे का? कोणाला माहिती असेल तर सांगा.

निवृत्त_भूगोलबाई_कळवा (सोमवार, सकाळी ६:५०)

मुक्ता, तुम्ही बघितलात तो ग्लेशियरच गं, फक्त अंगावर गोधडी घेऊन झोपलेला. ३१ वर्षं भूगोल शिकवला, पण मी स्वतः गोमुखला गेले ती रिटायर झाल्यावर, आणि मलाही पहिल्यांदा हेच वाटलं की फसवलं आपल्याला.

दगड येतात दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांवरून. भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठतं, गोठलं की फुगतं आणि खडक फोडतं, सकाळी तो तुकडा खाली बर्फावर. हे हजारो वर्षं रोज चाललंय. शिवाय बर्फ स्वतः तळाचा आणि बाजूचा खडक खरवडून उचलत असतो. आणि बर्फ थांबलेला नसतो, सरकत असतो, चौखंबा शिखराच्या बाजूने निघून साधारण ३० किमी खाली येतो. विमानतळावर बॅगांचा पट्टा असतो ना, तसं समज. पट्टा फिरतोय, बॅगा पडतायत, पण पुढच्या टोकाला बॅगा उचलणारं कोणी नाही. गोमुखला बर्फ वितळून पाणी होऊन निघून जातो आणि बॅगा तिथंच साठतात. ह्या टाकून दिलेल्या मालाला आपण हिमोढ म्हणतो, पुस्तकात आहे, तुझ्या लेकीला नववीत येईलच.

आता तो रेल्वेचा भराव. २६ जुलै २००५ आठवतोय ना? पाणी उतरल्यावर कित्येक वर्षं आमच्या इथल्या चाळीच्या भिंतीवर एक रेघ होती, इथपर्यंत पाणी आलेलं म्हणून. तुझा बांध म्हणजे ती रेघ. एके काळी बर्फाची पातळी त्या कडेपर्यंत होती, बर्फाच्या काठाने दगडमाती साचत गेली, मग बर्फ बसला, खाली गेला, आणि काठ तेवढा अधांतरी राहिला. ह्याला पार्श्व हिमोढ म्हणायचं. त्या कडेवरून खाली आत्ताच्या बर्फापर्यंत जेवढी खोली दिसते तेवढा बर्फ तिथून कमी झालाय, हे लेकीला फोटोवर पट्टी ठेवून दाखव, प्रोजेक्टचं पहिलं पान तयार.

दोन हिमनद्या एकत्र आल्या की त्यांचे आतले दोन काठ जुळून प्रवाहाच्या मधोमध दगडांची पट्टी तयार होते, तो मध्य हिमोढ. गंगोत्रीला येऊन मिळणाऱ्यांची नावं बघ, रक्तवर्ण, श्वेतवर्ण, चतुरंगी. अंगावरच्या दगडांच्या रंगावरून ठेवलेली! नाव ठेवणाऱ्याची नजर बघ. गढवाली लोक ग्लेशियरला बमक म्हणतात, मेरू बमक, चोराबारी बमक, हा शब्द मला फार आवडतो.

हर्षिलचा प्रश्न एकदम बरोबर विचारलास. हा ग्लेशियर फार पूर्वी, साठेक हजार वर्षं मागे, आत्ताच्या गोमुखाच्या सुमारे ४० किमी खाली, 'झाला' नावाच्या गावापर्यंत पोचलेला होता. नदी तळ कापत जाते म्हणून इंग्रजी व्ही सारखी दरी करते, बर्फ मात्र दोन्ही भिंतींना खांदे घासत जातो म्हणून यू. झाल्याच्या वर बर्फाची दरी, खाली नदीची.

पक्या, तुझं उत्तर नंतर देते, गॅसवर दूध आहे.

मुक्ता_घोडबंदर (सकाळी ९:०५)

बाई!! २६ जुलैच्या रेघेचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला, आमच्याकडे पण होती ती रेघ. एक शंका, वर एवढे दगड असतील तर ऊन लागून बर्फ लवकर वितळायला हवा ना? दगड तर तापतात.

निवृत्त_भूगोलबाई_कळवा (सकाळी ९:४०)

दोन्ही होतं. नुसती धूळ किंवा सेंटिमीटरभर थर असेल तर तो तापतो आणि बर्फ जास्त वितळतो. पण थर जाड झाला की ऊन खालपर्यंत पोचतच नाही. मासळी बाजारात बर्फाची लादी भुशात गाडून ठेवायचे ना, तेच. म्हणून असा पांघरलेला बर्फ कधी कधी मूळ ग्लेशियर मागे हटल्यावरही वर्षानुवर्षं दगडांखाली तसाच पडून राहतो. ह्याचं पुढे काय होतं ते मजेशीर आहे, पण आधी नातवाला शाळेत सोडून येते.

तुर्भे_खडीवाला (दुपारी १:१५)

मी शिकलेला माणूस नाही पण दगड कळतो, ३० वर्षं खडीच्या धंद्यात गेली. मुक्ताताईंचा फोटो झूम करून बघितला. क्रशरमधून माल निघाला की आम्ही चाळण्या लावतो, ४० एमएम वेगळा, २० वेगळा, १० वेगळा, मग कच, मग पावडर. ह्या बांधात बघा, धोंडा, डबर, खडी, कच, माती सगळं एकाच घमेल्यात कालवलंय. आणि दगडांना कोपरे आहेत, नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत नाहीत. म्हणजे हा माल पाण्याने आणलेला नाही. पाणी स्वतः चाळणी मारतं, जोर असेल तिथे गोटा सोडतं, जोर कमी झाला की रेती, अगदी थांबलं की गाळ. रेती काढणाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. बर्फाला चाळता येत नाही असं दिसतंय, तो गाडी पलटी करून निघून जातो.

दुसरं, भागीरथीचं पाणी तिथे राखाडी दुधाळ होतं का? आमच्याकडे धूळ बसवायला क्रशरवर पाणी मारतात, ते गटारातून असंच जातं. माझा अंदाज आहे की तिथेही खाली दळण चालू असणार.

निवृत्त_भूगोलबाई_कळवा (दुपारी २:०२)

खडीवाले दादा, तुम्ही शिकलेले नाही म्हणता आणि जे मला मुलांच्या डोक्यात शिरवायला चार तास लागायचे ते तुम्ही एका घमेल्यात बसवलंत. हेच तर मूळ आहे, बर्फ चाळत नाही, पाणी चाळतं. ग्लेशियरने सोडलेल्या कुठल्याही आकारासमोर उभं राहून पहिला प्रश्न हाच विचारायचा की माल चाळलेला आहे की कालवलेला. कालवलेला असेल तर तो बर्फाने थेट टाकलाय, आणि थर दिसत असतील, इकडे गोटे तिकडे रेती असं असेल, तर बर्फ वितळून जे पाणी निघालं त्याने तो माल पुन्हा उचलून पुढे नेऊन मांडलाय. तुम्ही म्हणता ते दळणही खरं. तळाचा खडक घासून जी पिठी पडते ती इतकी बारीक की पाण्यात खाली बसतच नाही, म्हणून नदी दुधाळ आणि तीच पिठी तळ्यात तरंगत राहिली की हिमालयातल्या तळ्यांना तो निळा-हिरवा रंग येतो ज्याचे फोटो तुम्ही सगळे डीपीला लावता.

राज्यसेवा_पुन्हा_एकदा (दुपारी ३:३०)

बाई मला मेषशिला आणि हिमोढगिरी ह्यात दरवेळी गोंधळ होतो, मागच्या टेस्ट सिरीजला पण तेच उलट झालं. आणि हिमोढकटक म्हणजे एस्कर ना? ट्रिक असेल तर द्या प्लीज.

कोपरखैरणे_ते_डब्लिन (दुपारी ४:१०)

एस्करवर मी लिहू का, कारण मी सध्या जिथे राहतो तिथलाच शब्द आहे तो. ड्रमलिन पण. दोन्ही आयरिश भाषेतून आलेत, मला इथे येऊन चार वर्षं झाल्यावर हे कळलं आणि शाळेत कळव्याच्या बाईंसारख्या बाई असत्या तर आधी कळलं असतं.

तर एस्कर म्हणजे असं समजा की बर्फाच्या पोटात बोगदा आहे आणि बोगद्यातून वितळलेल्या पाण्याची नदी वाहतेय. नदी आहे म्हणजे तळाला वाळू-गोटे साचणार, वर्षानुवर्षं साचत गेले, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असल्यामुळे पसरायला जागा नाही, नुसते उंच होत गेले. मग बर्फ वितळला, भिंती गेल्या, बोगदा गेला, आणि नदीचा तळ तेवढा उघड्यावर उभा राहिला, नागमोडी बांधासारखा. सगळ्या नद्या जमिनीत खाली कोरतात आणि ही एक नदी आहे जी जमिनीच्या वर उठून दिसते, मला हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा पटायलाच वेळ लागला.

आयर्लंडच्या मधल्या भागात सगळी दलदल, पाय टाकला की आत. त्यामुळे जुन्या काळी डब्लिनच्या बाजूने गॉलवेकडे जाणारा रस्ता ह्या एस्करच्या पाठीवरून जायचा, एस्कर रियाडा म्हणतात त्या रांगेला. घणसोली-कोपरखैरण्याच्या खाजणात जुने लोक बांधावरून चालत जायचे, आजूबाजूला चिखल, तसंच डिट्टो. माझे आजोबा मिठागरात असंच जायचे.

आणि खडीवाले काका, इथे एस्कर खणून वाळू-खडी काढतात, कारण आयता चाळलेला माल! तुमचं चाळणीचं वाचून हसू आलं, इथल्या खडीवाल्यांनी पण हेच ओळखलंय.

ड्रमलिन म्हणजे पालथा ठेवलेला चमचा, अशा टेकड्या, एक नाही, शेकड्याने, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. क्लू बे नावाची खाडी आहे पश्चिमेला, तिथे ह्या टेकड्या अर्ध्या बुडून बेटं झाल्यात, लोक म्हणतात वर्षाच्या दिवसांइतकी ३६५ आहेत, मोजली कोणी देव जाणे.

निवृत्त_भूगोलबाई_कळवा (दुपारी ४:४५)

छान लिहिलंस रे. राज्यसेवावाल्या, तुला ट्रिक नाही देत, कारण ट्रिक विसरतोस म्हणूनच पुन्हा एकदा द्यावी लागतेय परीक्षा. डोळ्यासमोर आण. मेषशिला हा मूळचा जागेवरचा पक्का खडक आहे. बर्फ ज्या बाजूने चढला ती बाजू घासून गुळगुळीत आणि मंद उताराची, आणि पलीकडे उतरताना त्याने खडकाचे तुकडे उपटून नेले म्हणून ती बाजू खडबडीत आणि उभी. हिमोढगिरी, म्हणजे ड्रमलिन, ही बहुतेक कालवलेल्या मालाची टेकडी, आणि तिचं उलट आहे, बर्फ आला त्या बाजूला जाड बोथट डोकं आणि गेला त्या बाजूला निमुळती शेपटी. तिचं रूप बर्फ वरून सरकताना, त्याच्या खालीच घडतं. एस्कर मात्र चाळलेल्या मालाचा, कारण तो पाण्याने केला. झालं.

तुर्भे_खडीवाला (संध्याकाळी ६:२०)

डब्लिनवाले, तिथे रॉयल्टी पास लागतो का ते सांगा आधी 😀

बाई तुम्ही ते भुशातल्या बर्फाचं अर्धवट सोडलंत. माझ्या डोक्यात दुपारपासून तेच आहे. खाली बर्फ आणि वर भराव म्हणजे आज ना उद्या खचणार. नवी मुंबईत खाडीत भराव टाकून रस्ते केले त्यात किती ठिकाणी बसलेत बघा, तिथे खाली तर चिखल होता, इथे साक्षात बर्फ.

निवृत्त_भूगोलबाई_कळवा (संध्याकाळी ७:१०)

अगदी तेच सांगायचं होतं. ग्लेशियर मागे जाताना बर्फाचे मोठाले तुकडे मागे सुटतात, वितळलेलं पाणी त्यांच्यावर रेती-गोटे आणून टाकतं, तुकडा गाडला जातो. वरून सपाट मैदान. मग कधीतरी तो आतला तुकडा वितळतो आणि वरची जमीन त्याच्या आकाराने खाली बसते, खड्डा होतो, त्यात पाणी भरतं. बाहेरून एकही नदी त्यात येत नाही तरी तळं. ह्याला केटल म्हणतात, आपल्या पुस्तकात चांगला मराठी शब्द मला सापडला नाही, मी वर्गात हिमकुंड म्हणायचे, माझाच शब्द आहे, परीक्षेत लिहू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला वॉल्डन नावाचं तळं असंच झालंय, ३१ मीटर खोल, म्हणजे दहा मजली इमारत उभी बुडेल एवढा बर्फाचा तुकडा तिथे गाडलेला होता.

पाऊलवाट_ठाणे (रात्री ९:३०)

चर्चा भारी चालू आहे. आम्ही दरवर्षी मुलांना घेऊन हिमालयात जातो, एक गोष्ट जोडतो, कारण ही गंमत नाहीये. ग्लेशियर मागे हटला की त्याच्या आणि अंत्य हिमोढाच्या (पुढच्या टोकाला साठलेल्या ढिगाच्या) मधे जी जागा होते तिथे पाणी साठतं. म्हणजे दगडमातीच्या त्या ढिगालाच धरण समजून एक अख्खं तळं टेकलेलं असतं. केदारनाथच्या वर साधारण दोन किमीवर चोराबारी ताल, गांधी सरोवर म्हणतात ते, त्याला चोराबारी ग्लेशियरच्या पार्श्व हिमोढाने अडवलेलं. १६ जून २०१३ ला तुफान पाऊस, त्यात बर्फ वितळत होता, आणि १७ ला सकाळी तो बांध फुटला. पुढचं सगळ्यांना माहितीये.

एक प्रश्न मला पण आहे. केदारनाथच्या मंदिरामागे भीमशिला म्हणून जो मोठा दगड आहे तो ग्लेशियरने आणलेला परका धोंडा म्हणायचा का?

तुर्भे_खडीवाला (रात्री १०:०५)

हे वाचून झोप उडाली. आपल्याकडे मातीचं धरण बांधतात तेव्हा मधोमध काळ्या मातीचा गाभा भरतात, थर टाकून रोलर फिरवतात, पाणी मारतात, परत रोलर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सांडवा. पाणी वरून गेलं की मातीचं धरण संपलं, हे साइटवरच्या मुकादमाला पण माहीत असतं. तुम्ही सांगता त्या धरणाला गाभा नाही, दाबलेलं नाही, सांडवा नाही, पायात वितळणारा बर्फ असेल तर तोही. आणि खाली गाव. असं धरण कोणी टेंडरला दाखवलं तर सही होणार नाही.

निवृत्त_भूगोलबाई_कळवा (मंगळवार, सकाळी ६:४०)

सांडव्याचं दादांनी बरोबर पकडलं. चोराबारीला पाणी बाहेर पडायला धड वाटच नव्हती, झिरपून जायचं तेवढंच. सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक तळं तर ताजं आहे, ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री बाजूचा गोठलेला हिमोढच वरून तळ्यात कोसळला, तळ्यात लाट उठली, तिने पुढचा बांध फोडला आणि लोंढा खाली येऊन चुंगथांगचं धरण घेऊन गेला, १२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचं, माणसाने बांधलेलं, काँक्रीटचं तोंड असलेलं. दोन्ही वेळा बातम्यांत "ग्लेशियर फुटला" असं कुठेतरी ऐकलंच असेल, तर ग्लेशियर फुटत नाही रे बाबांनो, त्याने मागे ठेवलेलं तळं फुटतं. आणि २०२१ च्या चमोलीला तर तळंही नव्हतं, रोंटी शिखराचा कडाच बर्फासकट तुटून खाली आला होता, त्यालाही तेच म्हटलं.

भीमशिला, नाही म्हणायची. परका धोंडा कोणाला म्हणतात, तर जो बर्फाने लांबून उचलून आणून भलत्याच खडकावर ठेवलाय. उद्या पारसिकच्या काळ्या दगडावर घराएवढा गुलाबी ग्रॅनाइटचा धोंडा सापडला तर आपण म्हणू ना हा इथला नाही, तसा. स्वित्झर्लंडला ज्युराच्या चुनखडकाच्या डोंगरांवर आल्प्सचे असे ग्रॅनाइटचे धोंडे पडलेले होते, लोक म्हणायचे महापुरात वाहत आले. लुई अगासीने १८३७ मध्ये उभं राहून सांगितलं की पूर नव्हे, हा सगळा मुलूख बर्फाखाली होता, तेव्हा त्याच्यावर हसले लोक. भीमशिलेचं उलटं आहे, तिथे खरंच पुराने आणला. मूळचा तो वरच्या हिमोढातला असेल, पण देवळामागे ठेवला तो पाण्याने.

पारसिकचा_पक्या (सकाळी १०:१५)

माझा प्रश्न विसरला सगळे. दूध उतू गेलं का बाई?

चंद्रपूरकर_नेरुळात (सकाळी ११:००)

पक्या मी सांगतो. पारसिक, येऊर, सगळा सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तुझे गोल धोंडे जागेवरच झालेत. बेसाल्टला आडव्याउभ्या भेगा असतात, त्यातून पाणी शिरून कोपऱ्यांवरून दगड सडतो, कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटतात आणि मधे गोळा उरतो. एखादा धोंडा फोडून बघ, आजूबाजूला पिवळट माती आणि आत काळा ठणठणीत दगड, दोन्ही एकच. परका नाही, घरचाच आहे. येऊरवर बर्फ कधी नव्हता.

पण महाराष्ट्रात नव्हता असं मात्र म्हणू नका! आमच्या चंद्रपूरजवळ इरई म्हणून ठिकाण आहे पैनगंगेच्या खोऱ्यात, तिथे पैनगंगा चुनखडकाच्या फरशीवर समांतर ओरखडे आहेत आणि त्याच्यावर कालवलेल्या मालाचा थर, लहानमोठे धोंडे बारीक मातीत रुतलेले, काही धोंड्यांवर पण ओरखडे. खडीवाले काकांच्या भाषेत, न चाळलेला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणवाल्या फेडनने १८७५ मध्ये ह्यावर लिहून ठेवलंय. वय साधारण ३० कोटी वर्षं, तेव्हा आपला तुकडा गोंडवन नावाच्या जुन्या महाखंडात दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता. ह्या थराला तालचेर म्हणतात, ओडिशातल्या तालचेरवरून, तिथे १८५६ मध्येच ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड म्हणाले होते की हे बर्फाचं काम दिसतंय. विचार करा, ४५ डिग्रीत भाजणाऱ्या चंद्रपुरात बर्फाने दगड खरवडलेला. गावाकडे सांगितलं तर म्हणतात उन्ह लागलं ह्याला.

पारसिकचा_पक्या (सकाळी ११:२०)

भाऊ भारीच. म्हणजे आम्ही ठाणेकर सोडून सगळ्यांचा बर्फाशी संबंध आहे.

निवृत्त_भूगोलबाई_कळवा (दुपारी १२:३०)

दूध उतूच गेलं होतं. आणि संबंध आहे पक्या, तू रोज पुलावरून ओलांडतोस तो. वीसेक हजार वर्षांपूर्वी जगभर इतकं पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, किनारा पार पश्चिमेला, आणि खाडी आहे तिथे नुसती नदीची दरी. मग तो बर्फ वितळला, समुद्र चढला आणि दरीत घुसला. ठाण्याची खाडी म्हणजे बुडालेली दरी आहे. डब्लिनवाल्याच्या त्या बेटांचीही तीच गत, बर्फाने टेकड्या केल्या आणि बर्फाच्याच पाण्याने बुडवल्या.

मुक्ता_घोडबंदर (रविवार, रात्री १०:१५)

सगळ्यांना रिपोर्ट. खडीवाले काकांनी मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे हार्डवेअरवाल्याकडून घमेलंभर कच, रेती आणि माती कालवून आणली आणि मासळी बाजारातून बर्फाच्या लादीचा तुकडा (मावशी म्हणाली मासे नकोत, नुसता बर्फ? आजारी आहे का कोणी?). गच्चीवर जुनी पत्र्याची परात थोडी तिरकी ठेवून वरच्या बाजूला लादी, तिच्यावर तो माल, आणि खालच्या सपाट रेतीत एक छोटा तुकडा गाडून टाकला. सकाळी दहाला ठेवलं. पातळ माल होता त्या बाजूने बर्फ आधी गेला आणि जाड होता तिथे दुपारपर्यंत टिकला, बाई, अगदी तुम्ही म्हणालात तसं, लेक दर अर्ध्या तासाने पट्टी लावून लिहीत होती. लादी होती त्या जागी सगळं कालवलेलं पडलं, कच, माती, खडे एकत्र, आणि पाणी ओघळून गेलं तिथे अगदी टोकाला बारीक पिठी, मागे रेती, त्याच्या मागे कच. चाळलेलं! आम्ही दोघी ओरडलोच.

फक्त गाडलेल्या तुकड्याचा खड्डा होईना. संध्याकाळी पण रेती सपाटच, ती म्हणाली फेल गेलं. आज सकाळी जाऊन बघितलं तर वाटीएवढा खळगा आणि तळाशी चमचाभर पाणी. त्याचा फोटो काढेपर्यंत सेक्रेटरी काका वर आले, गच्चीवर हे बांधकामाचं सामान कोणाचं म्हणून, तर लेकीने त्यांना पार्श्व हिमोढ कुठला आणि केटल कुठलं ते दाखवलं, ते दहा मिनिटं उभं राहून बघत होते आणि जाताना म्हणाले संध्याकाळपर्यंत उचला.

परात उचलली, पण कच आणि पिठी गच्चीच्या पन्हाळीत गेलीये आणि पाणी तुंबलंय. खडीवाले काका, ती कशी काढायची?

तुर्भे_खडीवाला (रात्री १०:४०)

वरून पाणी मारू नका ताई, पुढे जाऊन आणखी घट्ट बसेल. वाळू द्या आणि लांब दांड्याच्या कलथ्याने खरवडा.